थोडक्यात हुकली

आमच्या घरी तीन वर्षं चहा फक्त पप्पांसाठी व्हायचा. मला तो कधी आवडला नाही, आणि आईने सोडला होता. मला मेडिकलची सीट मिळेपर्यंत चहाला तोंड लावणार नाही, असं ती देवीला बोलली होती. बोलताना हात देव्हाऱ्याकडे जोडलेले होते, तोंड माझ्याकडे होतं.

त्याआधी ती दिवसातून चारदा चहा घ्यायची. सोडल्यावर महिनाभर तिचं डोकं दुखत राहिलं. कपाळाला पप्पांचा रुमाल बांधून ती पोळ्या लाटायची. मी स्वयंपाकघरात गेले की लाटणं बाजूला ठेवून रुमालाची गाठ आवळायची आणि पुन्हा लाटायला घ्यायची.

पप्पांचा चहा मात्र ती रोज करत होती. सकाळी एकदा, ऑफिसातून आल्यावर एकदा. आलं ठेचून, दूध जास्त घालून, त्यांना हवा तसा. पप्पा सोफ्यावर बसून तो बशीत ओतून प्यायचे आणि कप रिकामा होईपर्यंत ती समोर उभी राहायची. मला सीट न मिळण्याचं कारण माझे मार्क नव्हते, हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. पप्पांना आणि मला.

आम्ही हैदराबादचे, काचीगुड्याचे. आजोबा नांदेडकडून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. मी इंग्लिश मीडियमची. शाळेत दुसरी भाषा तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू, मराठी फक्त घरात. मराठी वाचायला मी बरीच उशिरा शिकले, तेही लातूरच्या हॉस्टेलवर, मेसच्या फळ्यावर लिहिलेल्या भाज्यांच्या नावांवरून.

लातूर हा पप्पांचा निर्णय होता. दहावीनंतर माझ्या वर्गातल्या मुली इथेच इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला गेल्या. पप्पा म्हणाले, "इथं पोरांना कोंबड्यांसारखं कोंडतात. तिकडं आपली माणसं आहेत. डॉक्टर घडवणारं गाव आहे ते."

"पोरगी कधी एकटी राहिली नाही," आई म्हणाली. "तोंडातून शब्द निघत नाही तिच्या. इथं असली तर माझ्या नजरेसमोर तरी राहील."

"नजरेसमोर ठेवून कुणी डॉक्टर होत नसतं."

आईने ते मनात ठेवलं. आमच्या घरी हरलेली बाजू काही विसरत नाही. पप्पांनाही ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी लातूर सगळीकडे सांगून टाकलं. आमच्या खालच्या मजल्यावर त्यांच्या ऑफिसातलेच एक काका राहतात, तेही मराठी. त्यांना जिन्यात थांबवून पप्पांनी तिथल्या क्लासचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं. मी मागे भाजीची पिशवी घेऊन उभी होते.

हॉस्टेलवर मुली मला बेगम म्हणायच्या. माझ्या बोलण्यात मध्येच ‘नक्को’, ‘कायकू’ यायचं, ते त्या माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायच्या. "बेगम, एकदा म्हण ना, कायकू." मी म्हणायचे, त्या हसायच्या, मग मी बोलणंच कमी केलं. अभ्यासाला त्याचा उपयोग झाला. दोन वर्षं मी एका खिडकीकडे पाठ करून बसले आणि परीक्षा दिली.

मार्क आले ते पुरेसे होते. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, म्हणून पुन्हा लिहिते. पुरेसे होते. त्या वर्षी तेलंगणातल्या शेवटच्या सरकारी जागेला जेवढे लागले त्यापेक्षा जास्त होते. महाराष्ट्रातही शेवटच्या यादीपर्यंत नंबर लागला असता.

तेलंगणाच्या काउन्सेलिंगची यादी आली तेव्हा माझ्या नावापुढे ‘नॉन-लोकल’ असं होतं. टायपिंगची चूक असेल म्हणून पप्पा मला घेऊन हेल्प सेंटरवर गेले. काचेपलीकडच्या माणसाने माझी फाइल दोनदा उलटसुलट चाळली.

"सर, नाइन्थ-टेन्थ इधर, इंटर उधर," तो म्हणाला. "लोकल के लिए चार साल लगातार इधरीच पढ़ना होना."

"अरे भाई, पैदाइश इधर की है इसकी. हमारे वालिद के जमाने से इधरीच हैं हम."

"पैदाइश कोई नहीं पूछ रहा सर. पढ़ाई पूछ रहे."

"तो फिर महाराष्ट्र में डालते. इंटर तो उधर का है."

त्या माणसाने चष्मा काढला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "उधर टेन्थ पूछते सर. टेन्थ भी उधर का होना. भेजने से पहले किसी से पूछ लेना था."

पप्पांनी तिथल्याच पायऱ्यांवर बसून महाराष्ट्राच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शुद्ध मराठीत तेच सांगितलं. माझ्या शेवटच्या चार वर्षांतली दोन या राज्याकडे होती, दोन त्या राज्याकडे, आणि दोघांनाही ती अपुरी पडत होती. उरली देशभराची यादी. तिथे लागणारे मार्क माझ्यापेक्षा खूप वर होते. खाजगी कॉलेज पप्पांच्या पगारात बसण्यातलं नव्हतं.

परतताना आम्ही ऑटोत होतो, चादरघाटच्या पुलावर.

"आईला काय सांगायचं?" मी विचारलं.

"सांगू, थोडक्यात हुकलं म्हणून."

"किती?"

"काय किती?"

"किती मार्कांनी हुकलं असं सांगायचं? ती विचारेल."

पप्पांनी बाहेर पाहिलं. "सहा," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "तिला कळलं तर ती मला जगू देणार नाही गं. पुढच्या वर्षी तू अशीही काढशील. सीट मिळाली की मागचं कोण विचारतंय?"

मी हो म्हणाले. मला त्यांची दया आली होती, असं नाही. मला गप्प बसता येतं एवढंच मला स्वतःबद्दल खात्रीने माहीत होतं, आणि ते नेमकं तेच मागत होते.

आईने अर्थातच विचारलं. "सहा म्हणजे दोन प्रश्न. कुठले दोन?"

याचा विचार आम्ही ऑटोत केला नव्हता. पप्पा पंख्याकडे बघत राहिले. मी दोन प्रश्न निवडले. एक किडनीवरचा, एक फिजिक्समधला, भिंगाचा. ते दोन्ही माझे बरोबर आले होते.

आईने ते पाठ केले. नातेवाइकांचे फोन यायचे तेव्हा ती माझ्यादेखत सांगायची, "थोडक्यात हुकली हो. किडनी आणि भिंग, तिथं घसरली." एकदा मामीने मुद्दाम मला फोन द्यायला लावला. "अगं, किडनी तर सोपी असते ना? आमच्या पिंट्याला नववीला होती." मी "हो मामी" म्हणाले. त्याच आठवड्यात आई देवीला चहाचं बोलली.

मग मी बीएस्सीला गेले. मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. सकाळी कॉलेज, दुपारी सुलतान बाजारहून मेट्रो पकडून कुकटपल्लीला ‘लाँग टर्म’. पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या बॅचला इथे तसंच म्हणतात. कॉलेजात आमच्यासारख्यांना वेगळं नाव होतं. लॅबच्या मॅडम आम्हाला ‘गेस्ट’ म्हणायच्या. "गेस्टनी स्लाइड धुतल्या का? पुढच्या वर्षी इथे नसणार म्हणून घाण आमच्यासाठी सोडून जायची असं नाही." हे त्या इंग्रजीत, अगदी गोड आवाजात म्हणायच्या. वर्गात आम्ही सात गेस्ट होतो. पहिल्या वर्षानंतर तिघांना सीट मिळाली. उरलेल्यांकडे बघून मॅडम म्हणाल्या, "अरे, पाहुणे अजून आहेतच?" वर्ग हसला. मीही हसले, कारण न हसणारा माणूस ओळखू येतो.

कुकटपल्लीच्या क्लासला दर रविवारी टेस्ट असायची आणि सोमवारी सर उत्तरपत्रिका देताना ज्याची घसरण सगळ्यात मोठी त्याला उभं करायचे. ओरडायचे नाहीत. "घरी आई काय करते?" असं विचारायचे. काहीही उत्तर दिलं तरी पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "तिला बिचारीला हे माहीत आहे का?" माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "चहा सोडलाय तिने." सरांनी ठरलेलं वाक्य न बोलता पुढची उत्तरपत्रिका उचलली. बॅचमध्ये माझं नाव ‘चाय’ पडलं.

ही पहिलीच वेळ होती की मी न विचारता घरातलं काही बाहेर सांगितलं. त्याचं काय होतं ते मला कळलं.

हे सगळं कसं झेललं, असं मला नंतर एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं होतं. झेलायची काही युक्ती नव्हती. मी गालाची आतली बाजू दातांनी धरून ठेवायचे. मेट्रोत बसायला जागा मिळाली तरी उभी राहायचे, कारण बसलं की रडू यायची शक्यता होती. अंगठ्याच्या नखाकडेची कातडी मी इतकी सोलायचे की उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करताना रक्ताचा ठिपका पडेल अशी भीती वाटायची. अभ्यासही करायचे, पण पूर्वीसारखा नाही. वाचलेली ओळ तीन ओळी पुढे गेल्यावर पुसली जायची. मला आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त मार्क हवे होते, आणि घरात सगळे समजत होते की मला फक्त सहा हवेत. सहा मार्कांसाठी वर्षभर झगडणाऱ्या मुलीकडे जसं बघतात तसं ते माझ्याकडे बघायचे. दर टेस्टला मार्क थोडे खाली यायचे आणि पप्पांचं खोटं थोडं थोडं खरं होत जायचं.

एका खोट्याला दुसरं लागतं. शाळेतल्या एका तेलुगू मैत्रिणीला माझ्यापेक्षा कमी मार्कांवर सीट मिळाली होती. हे आईला भाजीवाल्याकडे तिच्या आईकडूनच कळलं. ती तशीच पिशवी हातात घेऊन घरी आली.

"तिला कमी, तरी ती आत. असं कसं?"

पप्पा पेपर वाचत होते. "त्यांची कॅटेगरी वेगळी," ते पेपरामागूनच म्हणाले.

त्यांची कॅटेगरी आमचीच होती, हे मला माहीत होतं आणि पप्पांनाही. आईने पुढच्या वेळी त्या बाईंना भाजीवाल्याकडे सगळ्यांसमोर काहीतरी ऐकवलं. काय ते तिने घरी सांगितलं नाही, पण त्यानंतर त्या मैत्रिणीने माझा मेसेज वाचून सोडून दिला. अजूनही तो तसाच आहे.

माझं बीएस्सीचं पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा खालच्या काकांची मुलगी दहावी पास झाली. तीही इंग्लिश मीडियम, माझ्याच शाळेची. काका-काकू सल्ला घ्यायला वर आले. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते आणि ऐकत होते. पप्पा आता सांगतील असं मला एक मिनिटभर वाटलं. सांगायला फार लागलं नसतं. इथेच ठेवा, असं म्हटलं तरी पुरलं असतं.

"लातूरसारखं दुसरं नाही," पप्पा म्हणाले. "आमची सहा मार्कांनी हुकली, पण तो काही गावाचा दोष नाही."

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या. "आणि आमची तशी घाबरट नाही हो. डोकं आहे तिला. तुमची बिचारी फारच अबोल."

आईने चहा केला. तिघांसाठी.

दोन दिवसांनी ती मुलगी माझ्या नोट्स न्यायला वर आली. मी तिला गॅलरीत माझं हॉस्टेलचं सामान दाखवलं. गादीची खोळ, कुलूप, एक निळी बादली. बादलीवर मी नेलपॉलिशने माझं नाव लिहिलं होतं. ती त्या बादलीवरच बसली.

"ताई, तू खरंच फक्त सहाने हुकलीस? मी असते ना, मेलेच असते गं."

मी गादीच्या खोळीची घडी घातली.

"मला जायचं नाहीये," ती म्हणाली. "माझ्या सगळ्या मैत्रिणी इथंच इंटरला चालल्यात. पण मम्मीला सांगायची हिंमत नाही. तू सांग ना खरं, जाऊ का?"

तिच्या आवाजात काही वाकडं नव्हतं. ती मला मोठी समजून विचारत होती. खाली काकू कुणाला तरी हाक मारत होत्या. मी पंधरा-वीस शब्दांत तिला सगळं सांगू शकले असते, आणि तिने ते जिना उतरेपर्यंत तिच्या आईला सांगितलं असतं, आणि पप्पा उघडे पडले असते. मी पप्पांना वाचवलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं इतकंच की ‘मेलेच असते’ हे माझ्या कानात होतं, आणि काकूंचं ‘डोकं आहे तिला’ होतं, आणि मी जिवंत होते.

"जा," मी म्हणाले. "छान असतं. सवय होते."

मग मी रिमूव्हर आणून बादलीवरचं माझं नाव पुसून दिलं. ती थँक यू ताई म्हणाली.

पुढची दोन वर्षं सांगण्यासारखं फार नाही. मी आणखी दोनदा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा खाली आले. ‘थोडक्यात’ हा शब्द आईच्या फोनवरून गेला. ती आता "चाललंय तिचं" म्हणायची. मला बदाम भिजवून द्यायची, पण वाटी टेबलावर आपटून ठेवायची. एकदा बायोकेमिस्ट्रीत मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. मी मार्कशीट ओट्यावर ठेवली. तिने त्यावर गरम पातेलं ठेवलं. मुद्दाम ठेवलं की नाही हे मला आजही माहीत नाही. कागदावर गोल डाग पडला, तो सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये अजून आहे.

एकदाच ती फुटली. सकाळी पप्पांचा चहा उतू गेला आणि गॅस पुसता पुसता ती म्हणाली, "माझा चहा तुझ्या नरड्यात अडकलाय. गिळता येत नाही, थुंकता येत नाही तुला." पप्पा सोफ्यावर होते. त्यांनी ऐकलं. "अगं, सकाळी सकाळी कायकू," ते म्हणाले, आणि दुसरा चहा होईपर्यंत थांबले.

मी त्या वेळी बोलू शकले असते. प्रत्येक वेळी बोलू शकले असते. पण एव्हाना माझे मार्क खरोखरच कमी होते, आणि आता पहिल्या वेळचं सांगणं म्हणजे सबब सांगितल्यासारखं झालं असतं. पप्पांनी एवढा पुढचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. ते आपोआपच त्यांच्या बाजूने झालं.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि मेडिकलचा चौथा निकाल लागला. माझे मार्क पहिल्या निकालापेक्षा एकशे अकराने कमी होते. आईने आकडा पाहिला, "बरं" म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला बसली.

संध्याकाळी बेल वाजली. खालचे तिघेही आले होते, काकूंच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. मुलगी दोन वर्षांत उंच झाली होती आणि तिच्या डोळ्यांखाली माझ्यासारखंच काळं आलं होतं. तिचे मार्क माझ्या पहिल्या मार्कांहून थोडे जास्त होते. थोडेच.

"देवापुढं ठेवला आणि आधी वर आलो," काकू म्हणाल्या. "वाट तुम्हीच दाखवली."

"हैदराबादलाच मिळेल बघा," काका म्हणाले. "घरून डबा जाईल. हॉस्टेलची कटकट संपली."

पप्पांनी पेढा घेतला. अख्खा तोंडात टाकला आणि मान हलवत राहिले. एका पेढ्याला इतका वेळ चावताना मी कुणाला पाहिलं नाही. आईने मुलीला जवळ ओढलं, तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. माझ्या आईचा हात माझ्या चेहऱ्याला त्याआधी कधी लागला होता ते मला आठवेना. मग ती माझ्याकडे वळली.

"बघ. हिलाही तेच हॉस्टेल होतं. तीच बादली होती."

काकूंनी बॉक्स माझ्यापुढे धरला. "घे गं. असं मनाला लावून नाही घ्यायचं. प्रत्येकाचं डोकं वेगळं असतं."

"काका," मी म्हणाले, "हिचं नाइन्थ-टेन्थ इथलं ना?"

"हो. तुझीच शाळा. का गं?"

"मग इथं नॉन-लोकल धरतात. चार वर्षं सलग इथं लागतात. आणि महाराष्ट्रात दहावी तिथली लागते. दोन्हीकडं बसत नाही."

काका हसले. "कोण म्हणतं?"

"माझं तेच झालं होतं. मार्क पुरेसे होते माझे."

हे मी तिच्या भल्यासाठी बोलले नाही. तिचं भलं करायची वेळ दोन वर्षांपूर्वी आमच्या गॅलरीत येऊन गेली होती. काही दिवसांनी यादीत तिला ते दिसलंच असतं, सरकारी अक्षरात, माझ्याशिवाय. मला ते आत्ता, पेढे तोंडात असताना सांगायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलताना माझा आवाज कापला नाही.

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला सगळ्यांच्या आधी कळलं. तिला डोकं होतं, हे खरंच होतं.

"ताई, मी विचारलं होतं तुला."

"हो."

"तेव्हा माहीत होतं?"

"हो."

ती रडली नाही. तिने अंगठा तोंडात घातला आणि नखाकडेची कातडी दातांनी ओढली. काका पप्पांकडे वळले. ते ऑफिसात पप्पांना ‘साहेब’ म्हणतात, घरी नाव घेतात. या वेळी त्यांनी काहीच म्हटलं नाही, नुसते बघत राहिले.

"नियम दरवर्षी बदलतात हो," पप्पा म्हणाले. "उद्या मी स्वतः येतो तुमच्याबरोबर सेंटरवर. तिथं एक माणूस..."

काकूंनी बॉक्सचं झाकण लावलं, त्यावर रबर चढवलं आणि तिघंही तो परत घेऊन खाली गेली. जिन्यातून नुसत्या चपला ऐकू आल्या, आणि मग खालचं दार.

आई अजून सोफ्याच्या कडेला उभी होती.

"मग ते सहा मार्क?" तिने मला विचारलं.

"पप्पांनी सांगितले."

"किडनी आणि भिंग?"

"ते मी."

"बरोबर आले होते तुझे?"

"हो."

"अगं, ऐक तर," पप्पा म्हणाले, "लोकांसमोर तुझीच मान..." पण ती स्वयंपाकघरात गेली होती. गॅस पेटल्याचा आवाज आला. मग खलबत्त्यात आलं ठेचल्याचा, मग दुधाचं पातेलं ठेवल्याचा. वास बाहेर आला. पप्पांनी सवयीने टीपॉयवरचा पेपर उचलून बशीपुरती जागा केली.

आई एकच कप घेऊन आली. टीपॉयवर ठेवला नाही. दारातच उभी राहिली आणि फुंकर न घालता, भाजत असणार तरी, घोट घोट करत सगळा प्यायली. तीन वर्षांनी पहिल्यांदा. सीट कुणालाच मिळाली नव्हती. रिकामा कप हातात तसाच धरून तिने आधी पप्पांकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"तीन वर्षं तूही बघतच होतीस की," ती म्हणाली, आणि स्वतःसाठी दुसरा ठेवायला आत गेली.